मिठाचं बूच

मुलांनो, तुमच्यापैकी अन्वयने मला पाठवलेल्या पत्रात एका यंत्राबद्दल लिहिलं आहे. समुद्राच्या तळावरचं अवजड सामान त्याच्या हवेच्या टाक्या उचलतात, पुढे नेतात आणि ठरल्या जागी स्वतःच पाणी भरून घेऊन खाली टेकवतात. ते वाचून मला दिवाळे गावचे पिंपवाले नाखवा आठवले. तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही, म्हणून आजच लिहिते.

नाखवांना कुठलंही पिंप दिसलं की ते बोटाच्या पेराने वाजवून त्याला कान लावत. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी चहाआधी रॉकेलचा डबा वाजवला. "बुडाला बारीक भोक हाय, बाय," म्हणाले. होतंच.

मी तेव्हा, ऐंशी सालच्या आसपास, बेलापूरच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. रिकामं पिंप पाण्यात किती वजन उचलेल, हे विचारायला ते आले होते. खाडीत जाळी ज्या मोठ्या दगडांना बांधत, ते गाळ साचला की दुसरीकडे न्यावे लागत. चिखलात रुतलेला दगड मोकळा करायला कोणीतरी बुडी मारून खाली जाई. नाखवांचा धाकटा भाऊ असाच गेला आणि वर आला नाही. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही डब्याकडे बघत.

त्यांची युक्ती साधी होती. ओहोटीला दगडाचा दोर पिंपाला ताणून बांधायचा. भरती चढली की पिंप दगडाला चिखलातून उपसतं आणि प्रवाह दोघांना पुढे नेतो. पिंपाच्या कुशीला दोन भोकं, त्यांत मिठागरातल्या जाड मिठाची बुचं ठासलेली. मीठ विरघळलं की पिंपात पाणी शिरतं आणि दगड नव्या जागी बसतो. "पानी फुकट काम करतं," ते म्हणत, "आपुन फक्त बांदून द्यावाचा."

पहिल्या खेपेला होडीत नाखवा आणि त्यांचा जावई यांच्याबरोबर मीही होते. त्यांचं मीठ मला मळकट वाटलं, म्हणून मी घरचं पांढरं, बारीक मीठ नेलं होतं. शाळेतल्या बाईंना नको म्हणणं त्यांना जड गेलं. दगड उचलला गेला, थोडा सरकलाही. पण माझं मीठ बघता बघता विरघळलं. मधल्या खोल पाण्यातच पिंप भरलं, हिसक्याने दोर तुटला आणि दगड तळाशी गेला. त्याच्याबरोबर त्या हंगामाची जाळं लावायची जागाही गेली.

जावयाने सदरा काढला. "मामा, जागा बगलीय मी. दोर बांदून आलोच."

नाखवांनी त्याचं मनगट धरलं. "दगड गेला तं गेला. मानूस नाय जाव देनार."

होडी वळली. माझी मान वर होईना. धक्क्याला लागल्यावर तेच म्हणाले, "बाय, तुमचा मीठ जाम शिकलेला हाय. पान्यात गेला का लगेच इरगलला." आणि हसले. तो हंगाम सासरे-जावयांनी दुसऱ्यांच्या होड्यांवर काम करून काढला.

पुढच्या वर्षी नवा दगड मिळाला. मळकट मिठाने तो हव्या त्या जागी नेऊन बसवला. मग गावातले इतरही पिंपं वाजवून घ्यायला त्यांच्याकडे येऊ लागले.

नाखवा जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचं एक पिंप अजून दिवाळ्याच्या धक्क्यावर आहे. बायका त्यावर मासळीच्या पाट्या टेकवतात. जावयाने सत्तरी ओलांडली आहे, आणि तो सुखरूप आहे.