नागोजीरावांनी नाव लिहिलं

एकतीस वर्षांच्या नोकरीत नागोजीराव मीटिंगमध्ये एकदाही बोलले नव्हते. अड्यारच्या पाणीपुरवठा कचेरीतला हा तंजावरी मराठी हेडक्लार्क म्हणजे आपण बरं की आपली फाईल बरी. पण कुठल्या गल्लीखाली कुठला व्हॉल्व्ह, हे त्यांना जेवढं ठाऊक तेवढं एकाही साहेबाला नव्हतं.

२००७ साली खात्याने नागरिकांच्या प्रश्नांसाठी वेबसाइट काढली. प्रश्न धो धो आले, उत्तर द्यायला मात्र कोणी पुढे येईना. वेलचेरीच्या सरोजा नावाच्या बाईंनी विचारलं होतं, 'शेजारच्या गल्लीला पाणी आहे, मग आम्हालाच नऊ दिवस का नाही?' नागोजीरावांना राहवेना. सकाळी मुलीच्या कॉम्प्युटरवर बसून त्यांनी लिहिलं: रस्ता करताना बंद केलेला व्हॉल्व्ह आमच्याकडून उघडायचा राहिला. पिळ्ळैयार कोविलच्या, म्हणजे गणपतीच्या देवळाच्या, कोपऱ्यावर डांबराखाली आहे. आणि टिपणाखाली करतात तशी सही ठोकली: नाव, हुद्दा, तारीख. सवयच ती!

बटण दाबलं आणि मग ध्यानात आलं, काय केलं ते. कचेरीची चूक, परवानगीशिवाय, चारचौघांत, तीही स्वतःच्या नावानिशी! निवृत्तीला उरले चौदा महिने. मेमो निघाला तर पेन्शन अडकणार.

तिसऱ्या दिवशी नव्या अधिकारी ऋजुता मॅडमनी बोलावलं. मॅडम नाशिकच्या. टेबलावर त्याच उत्तराची छापील प्रत.

"चुकलं, मॅडम. अस्कं काढून टाकतों," नागोजीराव घाम पुसत म्हणाले. अस्कं म्हणजे सगळंच्या सगळं.

"अहो, काढता काय! तिथे खणलं आणि पाणी आलं. दोनशे प्रश्न पडून आहेत, नागोजीराव. अशीच उत्तरं द्या, नावासकट."

जीव भांड्यात पडायचा, तो अर्धाच पडला. तोंडी हुकुमावर आजवर कुठल्या कारकुनाची नोकरी तरली आहे?

"लेखी द्याल का, मॅडम?"

मॅडम हसल्या, पण तिथल्या तिथे आदेश टाइप करून घेतला: कोणीही कर्मचारी नावाने उत्तर देऊ शकतो, चूक कबूल केली म्हणून कारवाई होणार नाही. नागोजीरावांनी तो दोनदा वाचला. तिसऱ्यांदा अक्षरंच दिसेनात, डोळे भरून आले होते. सुटलो रे बाबा, असं त्यांना मनापासून वाटलं.

बाहेर येऊन त्यांनी आदेशाच्या तीन झेरॉक्स काढल्या. एक घरी न्यायला, दोन शेजारच्या टेबलांवरच्या आपल्यासारख्याच मुक्या माणसांना. त्यांतल्या रामस्वामीने चष्मा चढवून शिक्का नीट तपासला, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा स्वतःहून तोंड उघडलं.

"मैलापूरचा प्रश्न कोणी घेतलाय का?"