दुखानची खिरापत

दोह्याच्या विमानतळावर माझी बॅग अडली. बाकीच्यांच्या बॅगा यंत्रातून सुखरूप बाहेर पडून मालकांबरोबर चालत्या झाल्या, माझी तेवढी बाजूला घेतली. तरुण अधिकाऱ्याने साड्यांच्या मधोमध दडवलेली पिशवी बाहेर काढली, हातात तोलली आणि विचारलं, "मम्मा, ये क्या?"

"भाजणी." त्याचा चेहरा कोराच. मग मी माझं सांगलीचं हिंदी बाहेर काढलं. "चावल, चने की दाल, उडीद की दाल, धने, जिरे. सब अलग-अलग भूनने का, फिर एक साथ गिरणी में..."

त्याने पिशवीला नाक लावलं आणि सणसणीत शिंकला. मागे रांग वाढत होती. "खलास, मम्मा, खलास. यल्ला!" म्हणजे पुरे झालं, आता चला. मी चालू लागले.

सोळा वर्षांची कुमुद असती तर पाय आपटून भांडली असती, नाहीतर रडली असती. तिला मी चांगली ओळखते, कारण ती मीच. दोन वेण्या, नाक वर, आणि अख्ख्या गल्लीच्या हादग्यात आपल्यासारखी खिरापत कुणाची नाही अशी पक्की खात्री. आश्विनात पाटावर हत्ती काढायचा, भोवती फेर धरून गाणी म्हणायची आणि शेवटी झाकलेला डबा खुळखुळवायचा: ओळखा, आत काय? ओळखल्याशिवाय डबा उघडत नाही, आणि डबा उघडला की हादगा संपतो. कुमुदचा सगळा जीव त्या डब्यात. पण तिची थोरली बहीण, आमची अक्का, डब्याला कान लावायची आणि अचूक सांगायची. एकदा कुमुदने फसवायला चिरमुऱ्यांत खडे घातले. अक्का कान लावून म्हणाली, "कुमे, चिरमुरे आहेत, आणि खडे वेचून काढ, कुणाचा तरी दात पडेल."

फक्त एकदा अक्का हरली. तिचं लग्न ठरलं होतं, माहेरचा तो तिचा शेवटचा हादगा. लाडू म्हणाली, करंज्या म्हणाली, वड्या म्हणाली, कितीतरी वेळ चुकत राहिली. डब्यात होती कडबोळी. कुमुद अंगणभर नाचली, आणि पुढे पन्नास वर्षं तो विजय तिने भेटेल त्याला ऐकवला. अक्काच्या साठीच्या समारंभातसुद्धा माइक हातात घेऊन ऐकवला. अक्का नुसती हसली.

गेल्या वर्षी अक्का गेली. आता आमच्या सोसायटीत खिरापत केटररकडून येते आणि काय येणार ते सकाळीच फोनवर सगळ्यांना कळवतात. माझ्या डब्याला कान लावणारं कुणी उरलं नाही. म्हणून भाजणी घेऊन मी लेकीकडे, मुग्धाकडे, निघाले होते. नातीने, इराने, एकदा तरी डब्याला कान लावावा आणि आत काय ते सांगावं, एवढंच मला हवं होतं. जावयाचा करार उन्हाळ्यात संपणार, पुढचा देश कुठला ते अजून ठरायचं होतं. जे व्हायचं ते ह्याच आश्विनात व्हायला हवं होतं.

दोह्याहून पश्चिमेला दुखानचा रस्ता सरळ, आखल्यासारखा. उंच इमारती मागे पडल्या आणि दोन्ही बाजूंना फिकट, खडकाळ माळ पसरला. वाटेत उंटांची एक रांग झुली घालून शर्यतीच्या सरावाला चाललेली, पाठीवर माणसाऐवजी छोटी यंत्रं. "जॉकी आहे तो, आई, रिमोटवर चालतो," जावई निखिल म्हणाला. उंटांच्या तोंडावर मात्र तोच जुना तुच्छ भाव. कुमुद नटून हादग्याला निघाली की अशीच दिसत असावी.

दुखान म्हणजे तेलाच्या जोरावर वाळवंटात वसलेली छोटी वसाहत. एकसारखी बुटकी घरं, एक क्लब, एक मशीद, एक दुकानांची ओळ, पलीकडे समुद्र, आणि क्षितिजावर जळणारी ज्योत. सगळे सगळ्यांना ओळखतात आणि सगळे कधी ना कधी जाणारे. मुग्धाच्या शेजारची घरं रिकामी होती. "मागच्या वर्षी आपली बरीच मराठी कुटुंबं होती, आई. आता आम्ही आणि सोनाली, आणि दोन नवीन पोरी."

इरा दारात उभी. मला घट्ट मिठी मारली आणि म्हणाली, "आजी, यू गॉट शॉर्टर."

"तू उंच झालीस म्हणून."

"नो, आय चेक्ड विथ द डोअर."

पहिला आठवडा असाच गेला. मी मराठीत फेकायची, ती झेलायची आणि इंग्रजीत परत फेकायची. मी दारात बसून ताजे खजूर खायची आणि ती समोर बसून बिया मागायची. "डोन्ट थ्रो, आजी. गिव्ह मी." कशाला, ते सांगेना. धुऊन खिडकीत वाळत घालायची. मला वाटलं, शाळेचा काहीतरी प्रकल्प असेल.

शुक्रवारी आम्ही जवळच्या झक्रीतच्या माळावर गेलो. डांबरी रस्ता सोडून गाडी खडखडत आत गेली, आणि अचानक समोर पोलादाच्या प्रचंड पाट्या, एकामागून एक लांबवर उभ्या. कुणा परदेशी शिल्पकाराने त्या इथे रोवल्या आहेत. जमीन वरखाली होते, पण पाट्यांचे माथे एका रेषेत. गंजून तांबूस झालेल्या. आजूबाजूला माणूस नाही, झाड नाही, नुसता वारा. एवढ्या मोठ्या मोकळ्या जागेत कुणीतरी कुणाची तरी वाट पाहत उभं असावं तसं वाटलं. मला अक्काची आठवण झाली. ती असती तर आधी कान लावला असता.

मग मीच लावला.

"आजी, नो! इट्स..."

दिवसभराचं ऊन पिऊन बसलेलं पोलाद ते. कानाची पाळी चर्रकन भाजली. मी तिथे वाळवंटात जो टाहो फोडला तो बहुधा सौदीपर्यंत गेला असेल. निखिलने बर्फाची पिशवी दिली. इरा आधी घाबरली, मग हसून हसून खाली बसली. "व्हॉट डिड यू हिअर?" तिने विचारलं.

"माझ्या अकलेचा आवाज," मी म्हणाले. "पोकळ."

त्याच आठवड्यात वसाहतीच्या क्लबात सांस्कृतिक संध्याकाळ होती. प्रत्येक देशाच्या लोकांनी काहीतरी करायचं. क्लबामागच्या पटांगणात मांडव, मधोमध गालिचे, एका बाजूला गहवा (वेलदोडा घातलेली, बिनसाखरेची कॉफी) उकळत होता. आम्हाला थोडा वेळ आणि एक कोपरा मिळाला. शेजारच्या तंबूत उम्म नासिर नावाच्या कतारी आजी जमिनीवर बसून सदू (लोकरीचं आणि शेळीच्या केसांचं पट्ट्यापट्ट्यांचं विणकाम) करत होत्या. माग म्हणजे जमिनीत ठोकलेल्या चार खुंट्या. तोंडावर बुरखा, हात मात्र सुपारी कातरल्यासारखे झपझप चाललेले. लहानपणी घरी मुंबईचे व्यापारी येत, त्यांच्याकडून थोडं हिंदी शिकलेल्या.

"तुम नाच करेगा?" त्यांनी मला विचारलं.

"गोल-गोल. हाथी के बाजू में."

"हाथी किधर?"

तोच तर प्रश्न होता. मी पाटावर रांगोळीने हत्ती काढत होते आणि वारा तो खात होता. शेपूट काढावी तर कान जायचा. शेवटी सोंडच उडाली.

"राहू द्या ना काकू," अकोल्याची सोनाली म्हणाली. "सोंडीवाचून का अडते? अन् तसंही आमच्याकडं हत्ती नसतेच. आमच्याकडं भुलाबाई असते."

"हादग्याला हत्ती लागतो."

"भोंडला म्हणतात त्याला," दोन नव्या पोरींपैकी पुण्याची एक म्हणाली. झालं! वाळवंटात आम्ही मोजक्या बायका, त्यात नावावरून तीन पक्ष पडले.

एवढ्यात इरा शेजारच्या तंबूत गेली, उम्म नासिरना काहीतरी विचारून काळ्या लोकरीचा एक तुकडा घेऊन आली, आणि हत्तीच्या तोंडापाशी वळण देऊन ठेवला. वाऱ्याला तो हलवता येईना. सोंड झकास झाली. केसाळ सोंडेची जात, एवढंच.

फेर धरला, पण एवढ्या मोजक्या बायकांचा फेर म्हणजे बँकेत खिडकी उघडायची वाट पाहत उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांसारखा दिसत होता. मध्ये मोठमोठ्या फटी. मी गायला लागले. आवाज पटांगणात जाऊन विरला. लोक फोन वर धरून पाहत होते. आमच्या अंगणात दोन-दोन फेर व्हायचे, आतला लहान मुलींचा, बाहेरचा मोठ्यांचा; आत जागा मिळावी म्हणून कुमुद कोपर मारायची. इथे कोपर मारायला कुणी नव्हतं.

मग मल्याळी शिक्षिका पुढे आल्या. ओणमला त्या असाच फेर धरतात. ताल त्यांना सांगावा लागला नाही, उलट त्यांच्या टाळ्या आमच्यापेक्षा नेमक्या पडल्या. फिलिपिनो नर्स आली, शेजारची सुदानी बाई आली, तिने मध्येच जीभ हलवून असा लांबलचक हर्षस्वर काढला की हत्तीही दचकला असता. फेर पुरा झाला. शब्द कुणाला कळत नव्हते, पण सासू-सासऱ्यांच्या तक्रारी असाव्यात हे सगळ्यांना समजलं असं त्यांच्या चेहऱ्यांवरून वाटत होतं.

गाणी संपली. मी पदराखालून डबा काढला.

कडबोळी मी त्याच दिवशी इरा शाळेत असताना तळली होती, दारं-खिडक्या बंद करून, अगदी गुपचूप. डबा खुळखुळवला आणि म्हणाले, "आता ओळखा. आधी इरा."

इरा आली. डब्याला कान लावला. अगदी तसाच, डोळे मिटून. माझा भाजलेला कान उगाच तापला.

"लाडू?"

"नाही."

"चकली?"

"जवळ आलीस, पण नाही."

"केक?"

सगळ्या हसल्या. सोनालीने वास घेतला, ती काही बोलणार तोच इराने तिच्याकडे पाहिलं. मग उम्म नासिर उठून आल्या, बुरख्याआडून डबा हुंगला आणि म्हणाल्या, "ये तो..." इराने झटकन ओठांवर बोट ठेवलं. आजी थबकल्या, डोळे बारीक झाले. "नहीं मालूम," त्या म्हणाल्या.

"पोहे? पापड? बिस्किट? खारी?" इरा एकेक नाव घेत होती, सावकाश, प्रत्येक वेळी पुन्हा कान लावून. सगळ्या भोवती कोंडाळं करून बसल्या, मल्याळी बाईंनी आपल्याकडच्या पदार्थांची नावं सुचवली, सुदानी बाईंनी त्यांच्याकडची. कुणी उठेना. अखेर क्लबच्या माणसाने पुढचा कार्यक्रम पुकारला आणि मला डबा उघडावा लागला.

"कडबोळी!" मी जाहीर केलं. टाळ्या पडल्या. मी हसले, पण आत काहीतरी खचलं. हिला काही ऐकू आलं नव्हतं. अक्काबरोबर तो कान गेला तो गेलाच.

घरी आल्यावर मुग्धा डबा घासायला घेत म्हणाली, "आई, कडबोळी काय मस्त झाली होती गं. इराने तर शाळेतून आल्या आल्या परातीतली दोन खाल्ली."

"कधी? मी तर गुपचूप तळली होती."

"तू अंघोळीला गेलीस तेव्हा. आणि गुपचूप काय म्हणतेस? बंद घरात एसी लावून तळलीस. पडद्यांना अजून वास येतोय. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत सगळ्यांना माहीत होतं."

मी इराच्या खोलीत गेले. ती खिडकीतल्या बिया गोळा करत होती.

"तुला माहीत होतं?"

"ऑफ कोर्स."

"मग सांगितलं का नाहीस?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं जसं मी कॉफीत मीठ घातलंय. "इफ आय से इट, डबा उघडणार. मग सगळे घरी जाणार. देन यू आल्सो गो, आजी."

मी तिच्या पलंगावर बसले. मला अक्का हरली त्या वर्षीची भाजणी आठवली. ती भाजायला चुलीपुढे कोण बसलं होतं? दळून आणायला गिरणीत कोण गेलं होतं? अक्का. कडबोळी वळताना मी एकटी होते, एवढंच. गिरणीतून पिठाने माखलेला हात घेऊन ती दारात उभी राहिली होती, आणि संध्याकाळी लाडू म्हणाली, करंज्या म्हणाली, वड्या म्हणाली. जिच्या कानाला चिरमुऱ्यांतले खडे कळायचे, तिला. आणि आमची कुमुद अंगणभर नाचली! पन्नास वर्षं नाचली. साठीच्या समारंभात माइकवर नाचली. मूर्ख कारटी. आणि अक्का हसली होती, त्या हसण्याचा अर्थ मला वाळवंटातल्या एका पोरीने सांगितला, तेव्हा ते हसणारं माणूस फोन उचलायला उरलं नव्हतं.

निघायच्या दिवशी विमानतळावर इराने माझ्या हातात एक झाकलेला डबा दिला. झाकणाभोवती काळ्या लोकरीची गाठ, हत्तीच्या सोंडेतली. डबा तिने माझ्या कानाशी धरून हलवला आणि म्हणाली, "आजी, ओळख." स्वच्छ मराठीत.

आत काय आहे ते मला त्याच क्षणी कळलं. महिनाभर दारात बसून मी खाल्लेल्या खजुरांच्या बिया. धुतलेल्या, वाळवलेल्या, एकमेकींवर आपटणाऱ्या. तो आवाज चुकायला मी बहिरी नाही, एक कान भाजलेला असला तरी.

"शंख-शिंपले?" मी म्हणाले.

"नो!"

"खडे?"

"नाही!" तिचे डोळे चमकले. "विचार कर."

तपासणीच्या यंत्रातून डबा गेला, कुणी अडवला नाही. सांगलीत तो देवघराशेजारच्या फळीवर आहे. मुग्धा म्हणते, उघड आता. शेजारणी म्हणतात, काय ते तरी सांगा. रविवारी इराचा फोन येतो, मी डबा फोनपाशी धरून खुळखुळवते, ती तिकडे कान लावते. बाहेर हस्ताचा पाऊस कधीच उलटून गेला, थंडी सुरू झाली.

"आजी, आता सांग ना!"

"थांब गं, ऐकू दे नीट," मी म्हणते. "बत्तासे?"