देखाव्यातली सून

त्या देखाव्यापुढची किंकाळी अजून माझ्या कानातून गेलेली नाही. नव्वदच्या दशकात मी विरारला सहायक निरीक्षक होतो. गणपतीचा बंदोबस्त चालू होता. चंदनसारच्या एका मंडळाने हुंडाबळीचा देखावा केला होता. त्यातली स्टोव्हपाशी उभी असलेली सून इतकी हुबेहूब, की बायका डोळे पुसत बाहेर पडायच्या.

रांगेतली एक खाडीकाठची शेतकरीण एकाएकी त्या पुतळ्याच्या पायांवर कोसळली. "सायेब, ही माझी पोर हाय! मारून हितं उभी केलीय!"

तिची लग्न झालेली मुलगी वर्षभर बेपत्ता होती. 'पळून गेली' एवढंच सासरचे सांगायचे. ठाण्यात मिसिंग दाखल होती, पुढे धागा नव्हता.

मी पुतळ्याचं मनगट धरलं. त्वचेची छिद्रं, बारीक सुरकुत्या, भाजल्याचा लांबट डाग. प्रेतं मी काही कमी पाहिली नव्हती, पण त्या वेळी अंगावर सर्रकन काटा आला. नखाने खरवडलं, तेव्हा कुठे खाली फायबर लागलं.

मूर्तिकाराला सातिवलीच्या गाळ्यातून उचललं. चेहरा कुणाचा, ते सांगायला तो बधेना. मी आवाज चढवला, "मेलेल्या बाईचा साचा घेतलास ना?"

तो उलट माझ्यावरच भडकला. "मेलेल्याच्या नाकात श्वासासाठी नळ्या कशाला घालू, साहेब? बाजूच्या गाळ्यात पॅकिंगला आहे ती. कोणाला सांगू नको म्हणाली होती. पुतळा सुरतेला जाणार म्हणून तयार झाली, ऐन वेळी इथल्यांनी नेला."

आईला घेऊन तिथे गेलो. मुलगी खोकी चिकटवत बसली होती. जिवंत! आई धावली, पण ती मागे सरकली. पुतळ्यावरून माग लागला, हे मी सांगितलं तशी तिने आईला विचारलं,

"एवढ्या गर्दीत वळखलंस कशानं?"

"हातावरच्या डागानं, बाय. सासरच्यांनी दिलेल्या, तापल्या उलथन्याच्या."

"हाच डाग घेऊन दोनदा आलेली ना मी तुझ्याकडं? तवा म्हनालीस, दिल्या घरी सुखी राहा."

आई मटकन खाली बसली.

सासरच्यांवर छळाचा गुन्हा नोंदवला. देखाव्याला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी मनगटावरच्या डागाचं खास कौतुक केलं. मूर्तिकाराने तर काहीच कल्पनेचं घातलं नव्हतं, साच्यात आलं ते तसंच ठेवलं होतं. जिवंत हातावरच्या त्या डागाची कुणी दखल घेतली नाही आणि पुतळ्यावरचा पाहायला रांग लागली, याचा धक्का मला आजही पचलेला नाही.

त्यानंतर ठाण्यात कुणी बाई आली, की जबाब घेण्याआधी मी तिचे हात पाहायचो.