कावळा नसलेलं गाव

आमच्या घरात एक गोष्ट सांगितली जाते. माझी आई ओमानमध्ये वारली, तिथेच तिला अग्नी दिला, आणि दहाव्या दिवशी डोंगरातल्या एका गावात पिंड ठेवला तर ठेवल्या ठेवल्या कावळा शिवला. बाईची कसलीच इच्छा मागे राहिली नव्हती, तृप्त होऊन गेली, असं म्हणून गोष्ट संपते. नात्यात कोणी म्हातारं माणूस गेलं आणि कावळा शिवायला वेळ लागला, की ही गोष्ट हमखास निघते. ती पहिल्यांदा मी सांगितली होती. त्या गावात कावळा नव्हता. एकही नव्हता, आणि मला ते आधीपासून ठाऊक होतं.

सत्त्याण्णव साली आम्ही मस्कतजवळ सीबला राहत होतो. मी रुसैलच्या एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीवर होतो. बायकोला मस्कतमधल्या एका ऑफिसात नोकरी लागली, मुलगी चार वर्षांची होती, म्हणून मी आईला कोकणातून बोलावून घेतलं. तीन महिन्यांसाठी, मुलगी शाळेत रुळेपर्यंत. आई आली ती एका पिशवीत आमसुलं आणि दुसरीत दोन लुगडी घेऊन. तीन महिन्यांना याहून जास्त काय लागतं, म्हणाली.

ती दोन वर्षं राहिली.

तिला घरी जायचं होतं. हे कुणापासून लपलेलं नव्हतं. गावाला तिची जाऊ, म्हणजे माझी काकू, एकटी होती. दोघींनी एका चुलीवर आयुष्य काढलेलं, दोघींचे नवरे गेलेले. काकूची दृष्टी अधू होत चालली होती आणि दुपारी जेवणं झाली की आई तिला पेपर वाचून दाखवायची. मथळ्यापासून निधनवार्तांपर्यंत सगळा. सीबच्या फ्लॅटमध्ये दुपारी मुलगी झोपली की आई खिडकीशी बसायची आणि संध्याकाळी मी आल्यावर विचारायची, "तिला आता कोण रे वाचून दाखवत असेल?"

मी म्हणायचो, पुढच्या महिन्यात नक्की.

"म्हणजे इन्शाल्ला," ती म्हणायची. हा एकच अरबी शब्द तिने उचलला होता आणि तो ती माझ्यावरच वापरायची.

कंपनीचा मंदूब, म्हणजे व्हिजाचे कागद घेऊन सरकारी कचेऱ्यांत फिरणारा माणूस, माझ्या चांगल्या ओळखीचा होता. त्याने आईला फॅमिली व्हिजावर घालून दिलं. "अम्मा इधर ही अच्छा है, खलास," म्हणाला. आईला मी सांगितलं की पासपोर्ट कचेरीत अडकलाय. तो माझ्या कपाटात, हिवाळी कपड्यांच्या खाली होता.

बायको म्हणाली होती, "अहो, पाठवा त्यांना. शेजारच्या इमारतीत एक केरळी बाई मुलं सांभाळतात, तिथे ठेवू हिला." एकदा नाही, अनेकदा म्हणाली. मी मुलीच्या मराठीचं कारण काढायचो, घरच्या जेवणाचं काढायचो. खरं कारण त्याहून साधं होतं. दिवसभर त्या शेडमध्ये तापून घरी आलं की दार आईने उघडावं, चहा तिने टाकावा, आणि "मेल्या, बूट बाहेर काढ" असं कुणीतरी ओरडावं, हे मला हवं होतं. चाळिशी उलटलेल्या माणसाला हे सांगता येत नाही, म्हणून मी मुलीला पुढे केलं.

घरी जायचा विषय फारच ताणला गेला की मी शुक्रवारी तिला त्या गावाला न्यायचो. तिकिटाऐवजी गाव, असा तो सौदा होता. सीबहून निघून डोंगरांच्या खिंडीतून पलीकडे जायचं, इब्रीच्या रस्त्याला लागायचं आणि मग उजवीकडे कड्याच्या दिशेने वळायचं. कड्याला चिकटून मातीची घरं, एकाच्या छपरावर दुसऱ्याचं अंगण. गल्ल्या घरांच्या पोटाखालून जाणाऱ्या, पायऱ्या इतक्या झिजलेल्या की आई चपला काढून हातात घ्यायची. आणि सगळ्या गावातून फिरणारा दगडी पाट, डोंगरातल्या झऱ्याचं पाणी खजुराच्या बागांपर्यंत नेणारा. तिथे त्याला फलज म्हणतात. आई त्याला पाटच म्हणायची.

मी पहिल्या खेपेला तिला तिथला किल्ला दाखवायला गेलो. तिला किल्ल्यात रस नव्हता. ती पाटाकाठी बसली, पाय पाण्यात सोडले आणि बोटांएवढे मासे येऊन तिच्या टाचेच्या भेगा कुरतडू लागले, तशी लहान मुलीसारखी हसली. माझी मुलगी घाबरून तिच्या मांडीवर चढली. त्यानंतर आईने ते गाव प्राण्यांवरूनच पाहिलं. कुठल्या भिंतीच्या फटीत सरडा बसतो, तो ऊन चढलं की डोक्यापासून निळा कसा होत जातो. पाट जिथे वळतो तिथे ओल्या दगडाखाली बेडूक असतो. डाळिंबाच्या झाडावर बुलबुल येतो, पण आपल्याकडच्यासारखा नाही, याचे गाल पांढरे. एकदा संध्याकाळी बागेच्या बांधावर एक काटेरी गोळा सरकताना दिसला. मी म्हणालो, हेजहॉग आहे. ती म्हणाली, साळिंदराचं पिल्लू. मी समजावून सांगितलं, ती ऐकेना.

"तुला काय माहीत? तू यंत्रं बघ."

गावाबाहेर जिथे कचरा टाकत तिथे गिधाडं उतरायची, पांढरी, पिवळ्या तोंडाची. ती तिला आवडली नाहीत. "गिधाडाने कसं, गिधाडासारखं दिसावं. हे सोवळं नेसून बसलंय," म्हणाली.

गल्लीतल्या एका म्हाताऱ्या ओमानी बाईशी तिची ओळख झाली होती. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. ती बाई हाताला धरून दारात बसवायची, खजूर आणि कडू कॉफी द्यायची, आणि आई तिला मराठीत सगळं सांगायची. मी बाहेर उभा राहून ऐकायचो. पेपरचं सांगायची, काकूच्या डोळ्यांचं सांगायची. "मुलगा चांगला आहे हो, पण सोडत नाही," असं एकदा म्हणाली. ती बाई मान हलवून आणखी खजूर पुढे करायची.

त्याच दिवशी परत निघताना आई पाटाच्या वळणावर थांबली आणि वर बघत राहिली.

"इथे कावळा नाही रे."

"नसेना. सीबला आहेत की ढिगाने."

"तसं नाही. एवढी झाडं, पाणी, शेळ्या, खरकटं. आणि कावळा नाही. मी पहिल्या दिवसापासून बघतेय." कड्याच्या वर काहीतरी मोठं काळं उडताना एकदा दिसलं होतं, पण ते कधी वस्तीत उतरलं नाही. "मग इथे माणूस गेलं की काय करतात?"

"त्यांच्यात पुरतात, आई. त्यांना कावळा लागत नाही."

"बरंय. मागचं कुणी विचारायला नको." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला मात्र लागेल."

मी गाडीचं दार उघडलं.

नव्व्याण्णवच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी, मुलीची वेणी घालून झाल्यावर, आई उठायला गेली आणि तिथेच बसली. उजवी बाजू गेली होती. हॉस्पिटलमध्ये चार-पाच दिवस होती. बोलता येत नव्हतं. तिथेच गेली. ओमानमध्ये हिंदूंच्या दहनाची जागा आहे, इमारतीतल्या दोन मराठी कुटुंबांनी धावपळ करून सगळं जमवलं. गावाला कळवलं तेव्हा काकू फोनवर रडली नाही. दहाव्याचं कसं करायचं ते तिने सांगितलं, कारण भटजी काही मिळणार नव्हता. भात असा शिजव, पिंड असा वळ, तीळ घाल.

"समुद्रावर कर. तिथे कावळे असतील. आणि नाही शिवला तर घाबरू नको. तिचं काय राहिलंय ते मोठ्याने बोल. मी करीन म्हणून सांग. आपल्याकडे तसंच करतात. तुला ठाऊक असेलच काय राहिलंय ते."

हो, म्हणालो.

सीबचा किनारा घरापासून दहा मिनिटांवर होता. मासेमारीच्या होड्या लागायच्या तिथे कावळ्यांची रांग असायची, दिवसभर. बायकोने गृहीतच धरलं होतं की तिथे जायचं. मी म्हणालो, नको, डोंगरात जाऊ. आईला ते गाव आवडायचं. हे ऐकून सगळ्यांचे डोळे भरून आले. त्या मराठी कुटुंबांतल्या एक वहिनी म्हणाल्या, असा मुलगा मिळायला भाग्य लागतं.

मी हे का केलं ते आता लिहितो. किनाऱ्यावर शंभर कावळे असते आणि एकही पुढे आला नसता, तर मला सगळ्यांसमोर हात जोडून म्हणावं लागलं असतं, आई, तुला घरी पाठवतो. कावळा त्याच वाक्याला शिवेल अशी माझी खात्री होती. मी यंत्रांवर काम करणारा माणूस, एरवी असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. त्या एका दिवशी मात्र पुरता होता. म्हणून मी अशी जागा निवडली जिथे नकार द्यायला कावळाच नाही. आणि ती जागा मला आईनेच दाखवली होती.

आम्ही तिघंच गेलो. बाकीच्यांना मी कामाचा दिवस आहे म्हणून नको म्हटलं. डाळिंबाच्या झाडाजवळ एका सपाट दगडावर पिंड ठेवला आणि मागे सरून उभे राहिलो. आधी मुंग्या आल्या. बुलबुल फांदीवर येऊन बघून गेला. सरडा भिंतीवरून मान वरखाली करत राहिला. एका गिधाडाची सावली दगडावरून गेली तशी मुलगी बायकोच्या पदरात शिरली. ऊन वाढलं. भात वरून वाळायला लागला.

"अहो, काहीतरी बोला ना," बायको म्हणाली.

मी हात जोडले. "आई, हिला नीट शिकवीन. तिच्या मराठीकडे लक्ष देईन."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. "ते नाही," ती हळूच म्हणाली. "तुम्हाला माहितेय काय ते."

 कावळा नाहीच आला तर दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववतात, एवढं मला ठाऊक होतं. दर्भ नव्हता. मी खाली पडलेली खजुराची पात उचलली, तिला गाठ मारली, चोचीसारखं टोक काढलं आणि पिंडाला लावलं. झालं, म्हणालो. आम्ही गाडीकडे वळलो तेव्हा मागून शेळ्यांचा आवाज येत होता. मी वळून बघितलं नाही.

घरी येऊन काकूला फोन केला. तिने पहिलाच प्रश्न तो विचारला.

"शिवला?"

"लगेच, काकू. ठेवल्या ठेवल्या."

 

"मग बरं झालं," ती म्हणाली. "मला आपलं वाटत होतं, तिचा जीव इकडे अडकलाय. माझ्यात. तसं काही नव्हतं म्हणायचं." आणि थोड्या वेळाने, "आपणच उगाच मोजत बसतो, नाही?"

तेव्हाही मी बोलू शकलो असतो. बायको शेजारी उभी होती. तिने पेला उचलला आणि स्वयंपाकघरात गेली. त्या दिवसानंतर आम्ही दोघांनी या विषयावर एक अक्षर काढलं नाही, बायको गेली तोपर्यंत. काकू पुढे पाच-सहा वर्षं जगली. तिला पेपर वाचून दाखवायला कुणी नव्हतं. आणि आपल्या जावेला शेवटी आपली आठवणही नव्हती, असं समजून ती गेली. आईला ठेवून घेतलं यापेक्षा मला हे जास्त जड जातं.

मी हे लिहायला बसलो त्याला निमित्त मुलीचं. ती आता लांब राहते, तिला दोन मुलं आहेत. गेल्या महिन्यात तिचा फोन आला. सुट्टीत ते सगळे ओमानला जाणार होते, आणि तिला मुलांना ते गाव दाखवायचं होतं.

"बाबा, एक्झॅक्ट जागा सांगा ना. डाळिंबाचं झाड, आणि मग? मला तिथे आजीसाठी थोडा राइस ठेवायचाय. मुलांना मी स्टोरी सांगितलीये, क्रो ची."

मी म्हणालो, तिथे क्रो नसतो. आणि मग सगळं सांगितलं, इथे लिहिलंय त्याच क्रमाने. पासपोर्टचं, किनाऱ्याचं, काकूचं.  शेवटी मी म्हणालो, तुझ्यामुळे नाही हं राहिली ती. तुझं नाव मी पुढे केलं, एवढंच. हे तुला कळायला हवं.

"बाबा, मला माहीत होतं तिला जायचं होतं," ती म्हणाली. तिचं मराठी नेहमी अडखळतं, त्या दिवशी ती शब्द शोधत फार सावकाश बोलत होती. "ती मला वेणी घालताना म्हणायची. तू मोठी झालीस की मी सुटले. हसून म्हणायची. पण मला ते... मी खरं मानलं. म्हणून मी खूप जेवायचे. तुम्हाला आठवतं? सगळे म्हणायचे आजीच्या हाताला चव आहे. मी पोट दुखेपर्यंत जेवायचे, बाबा. लवकर मोठं व्हायला."

मला आठवत होतं. मी त्याचं कौतुक करायचो. आई तिला भरवतेय आणि ती मान वर करून आणखी मागतेय, असा एक फोटो मी काकूला पाठवला होता, आई इथे किती रमली आहे ते दाखवायला.

पलीकडून मुलांचे आवाज येत होते. तिने त्यांना इंग्रजीत काहीतरी सांगून गप्प केलं आणि विचारलं, "मग आता मुलांना काय सांगू?"

मी म्हणालो, जे झालं ते सांग. ती बरं म्हणाली. ते जाऊन आले की नाही, मला अजून कळलेलं नाही. फोन मी करायला हवा, पण रोज राहून जातो.