टाळूवरचं तेल

आमच्या घरात नवरीला हळद लागते, तेव्हा खोबरेलाचं पहिलं बोट तिच्या टाळूवर आईने टेकवायचं. मग बाकीच्या बायका.

माझ्या लेकीचे केस माझ्याच वळणावर गेलेले. कुरळे, दाट, कंगव्याशी भांडणारे. लहानपणापासून तेल लावून ते मीच विंचरले. हळदीच्या आदल्या दिवशी ती पेडण्याहून मांद्र्याच्या पार्लरात गेली आणि कमरेपर्यंत सपाट, चकचकीत केस घेऊन आली. केस सरळ करायच्या औषधाच्या उग्र वासाने माझे डोळे चुरचुरले. औषधानेच, असं मी सगळ्यांना सांगितलं.

हळदीला ती डोक्यावर प्लास्टिकची टोपी घालून पाटावर बसली. मी वाटी घेऊन पुढे झाले.

"आये, तीन दिस तेल-पाणी लावचां नाय. सगळां फुकट जातलां."

बायका हसल्या. मीही हसले आणि तेलाचं बोट तिच्या खांद्याला पुसलं. तीन दिवसांचाच तर प्रश्न होता. पण तिसऱ्या दिवशी ती पाळी गावात, सासरी होती.

सासरी सगळ्यांना लग्नाच्या फोटोतली सून आवडली. मुळांशी कुरळेपणा डोकावला की सासूबाईच आठवण करायच्या, "पार्लरात जावन ये गो." ती निमूट जायची. मी फोनवर कुरकुरले की विषय बदलायची. माझा जीव तुटायचा. पण लग्न झालेल्या मुलीच्या डोक्यावर आईचा हक्क तो किती?

यंदा गणपतीच्या चवथीला ती माहेरी आली. तिच्यासाठी मी अबोलीची फाती गुंफून ठेवली होती, पूर्वीच्या तिच्या अंबाड्याभोवती बसेल एवढी लांब. तिने डोक्यावरची ओढणी काढली. केस जेमतेम मानेपर्यंत उरलेले, कापलेले नव्हे, तुटलेले. कपाळाच्या वर कातडी दिसत होती. फाती तशीच ताटात राहिली.

तीच पाट घेऊन माझ्यापुढे पाठमोरी बसली.

"तेल लाव गो आये."

मी टाळूवर तेल घातलं आणि सवयीने बोटं कमरेपर्यंत ओढायला गेले. बोटं मानेपाशीच मोकळी झाली. हात मात्र तिच्या पाठीवरून तसाच खाली जात राहिला.

"झालां?" तिने मागे न बघता विचारलं.

"नाय गो," मी म्हटलं, "अजून खूप केस आसत."