मावशीची अर्धी पेन्शन

आम्ही नेरुळला राहायला आलो तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. आईला तोवर मासळी घरात आलेलीसुद्धा चालायची नाही. इमारतीच्या रंगाचा वास अजून गेला नव्हता, समोरच्या प्लॉटवर कमरेएवढं गवत होतं, आणि संध्याकाळी खाडीवरून वारा सुटला की वाळत घातलेल्या कपड्यांना चिखलाचा वास लागायचा. आई वैतागायची. मला तो वास आवडायचा. अजूनही आवडतो, फक्त आता तो क्वचित येतो.

त्या वासाबरोबरच शेजारच्या सारसोळे कोळीवाड्यातली मासळीवाली मावशी आमच्या घरात आली. टोपली डोक्यावर घेऊन ती आमच्या जिन्यात यायची आणि पहिल्या मजल्यावर आमच्याच दारात बैठक मारायची. दिवसाची पहिली विक्री, म्हणजे भवानी, तिला माझ्या हातून हवी असायची. आईने नोट पुढे केली तर ती घ्यायची नाही.

“तू नको. तुझे पोरीला दे. तिचा हात चांगला हाय.”

मग मी नोट द्यायची. मावशी ती कपाळाला लावायची आणि कमरेच्या पिशवीत सारायची. माशाचा कल्ला उघडून लाल आहे का बघायचं, हे मी तिच्याकडून शिकले. “तुझे आयला काय बी कलत नाय,” ती आईच्या देखत म्हणायची. “ती सडका बांगडा पन परसाद समजून घेईल.” आई हसून आत जायची आणि तिच्यासाठी चहा टाकायची. पुढे आई सुरमई तळायला लागली, ती याच बाईमुळे. स्वतः मात्र शेवटपर्यंत नुसता रस्साच खायची.

ते दिवस आठवले की मला बरं वाटतं, आणि लगेच वाटेनासं होतं. कारण मावशीचं मी जे केलं ते कुणालाही सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही.

मी बँकेत लागले आणि पहिली नेमणूक नेरुळमध्येच झाली. तोवर मावशीचा नवरा वारला होता, टोपली उचलणं तिला जड जात होतं. तिची सरकारी निराधार पेन्शन मंजूर झाली आणि पैसे जमा व्हायला खातं हवं म्हणून ती थेट माझ्या टेबलापाशी आली. मोठ्या आवाजात सगळ्या शाखेला सांगितलं, “हिचे हातची भवानी मी लय वर्सं घेतली. खातं पन हिचेच हातचं पायजे.”

तेव्हा वर्षअखेर होती. मला ठरवून दिलेल्या आकड्याला नवी खाती कमी पडत होती आणि साहेब रोज विचारत होते. अशा माणसांसाठी झीरो बॅलन्सचं खातं असतं, ते मला माहीत होतं. पण ते माझ्या आकड्यात धरलं जात नव्हतं. साधं बचत खातं धरलं जात होतं. त्यात ठरावीक रक्कम कायम ठेवावी लागते, नाहीतर दंड. मी साधं खातं उघडलं. ती रक्कम माझ्या पगारातून भरली आणि बजावलं, “मावशी, एवढ्याला हात लावायचा नाही.” भागलं, असं मला वाटलं.

पहिली पेन्शन आली त्या दिवशी मी रजेवर होते. मावशीने खातं पार कोरडं केलं. मी भरलेले पैसे रुमालात बांधून दुसऱ्या दिवशी मला आणून दिले.

“अगं, ठेवायचे होते ना!”

“येडी का काय? तहसीलवाल्यानं बघितलं, बाईचे खात्यान पैसं हायेत, तर बोलंल निराधार कशी? पेन्शन बंद करंल.”

सारसोळ्यातल्या तिच्या सगळ्या बरोबरीच्या बायका हेच करायच्या. पैसे आले की त्याच दिवशी खातं झाडून रिकामं. असं काही नसतं, हे मी तिला समजावायला हवं होतं. निदान एक अर्ज घेऊन खातं बदलायला हवं होतं. पण मग साहेबांनी विचारलं असतं की आधीच तसं का नाही उघडलं. पुढच्या महिन्यात करू, म्हटलं. पुढच्या महिन्यातही तेच म्हटलं.

आणि दंड सुरू झाला. खातं रिकामं असेल तेव्हा कापायला काही नसतं, म्हणून तो नुसता साचतो. पेन्शन जमा झाली की आधी तो वळता होतो, उरलेलं मावशीला. लोक मला आजही विचारतात, सरकारी मदतीतून बँकेला असे पैसे कापता येतात का. झीरो बॅलन्सच्या खात्यात हा दंड लागतच नाही. साध्या खात्यात लागतो. पैसे कुठून आले हे संगणक बघत नाही, किती उरले ते बघतो. बघायचं असतं ते टेबलाशी बसलेल्या माणसाने.

मावशी काउंटरवर आली. हातात निम्म्याच नोटा. “काय गो बाय, बँकंला पन पेन्शन लागते का?”

रांग हसली. मीही हसले. “वरून नियम आहे मावशी, माझ्या हातात काही नाही.”

नियम होता. हातात काही नाही हे खोटं होतं.

नंतर माझी बदली कोपरखैरण्याला झाली आणि मला सुटल्यासारखं वाटलं. आई गेली तेव्हा मावशी आली, स्वयंपाकघरात आईच्या ओट्याला हात लावून उभी राहिली. पेन्शनचं अक्षरही काढलं नाही. मीही नाही.

यंदा मी तिच्या घरी गेले. ती अंगणात कोळंबी सोलत बसली होती. गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे. “आज कशी वाट चुकली?” म्हणाली. मी बसले आणि एका दमात सांगून टाकलं. खातं, साहेब, माझे आकडे, सगळं. उद्याच खातं बदलून घेऊ, बँक परत देईल तेवढं मागू, बाकीचं मी भरेन, हेही सांगितलं.

तिचे हात थांबले नाहीत. “ते तर देशीलच,” म्हणाली. मग पुढची कोळंबी उचलून, “सून बोलते, आय अर्दे पैसं लेकीला पोचवते. देवाची आन घेतली तरी नाय ऐकत. माझे पोरीनं ते तोंडावर ऐकलं न हितं यायची बंद झाली. गौरीला पन नाय येत.”

मला हे माहीत नव्हतं. पैशांचं गणित मी मनात कितीदा मांडलं होतं. हे कधी मनातसुद्धा आलं नव्हतं.

“मावशी, माझं चुकलं.”

“मना कशाला सांगतेस? मना ठावं हाय मी नाय दिलं. तिला सांग.” आणि आत हाक मारली, “ये गो, भायेर ये.”

सून हात पुसत बाहेर आली. माझ्याहून लहान, चेहऱ्यावर कामातून उठवल्याचा त्रास. मी पुन्हा सगळं सांगितलं.

“म्हंजे पैसं बँकंतच कापत होते?”

“हो.”

“आनि तुमी तितंच बसत होता?”

“हो.”

“मंग तवा का नाय बोललात?”

सून सासूकडे बघत उभी राहिली. सासू कोळंबीकडे. मग तिने पदराला बोटं पुसली, मोबाइल काढला.

“वन्संना लावू का फोन?”

“लाव,” मावशी म्हणाली. “पन तू नको बोलू. हिलाच बोलू दे.”

रिंग वाजत असतानाच तिने फोन माझ्या हातात दिला. पलीकडून एक सावध आवाज आला, “काय गो वयनी, आय बरी हाय ना?”

“बऱ्या आहेत,” मी म्हणाले. “मी वहिनी नाही. तुमच्या आईचं बँकेतलं खातं मी उघडलं होतं. मला तुम्हाला काही सांगायचंय.”