चुनखिडकी

केटलीच्या तळाशी साचलेला पांढरा थर काढायला मी व्हिनेगर ओतते, तो फसफसतो, आणि त्या आंबट वासासरशी बाबा आठवतात.

बाबा भूजल खात्यात होते. मी सात वर्षांची असताना एका रविवारी त्यांनी मला गुडगावच्या बाहेर एका इमारतीच्या पायासाठी खणलेला खड्डा दाखवायला नेलं. कोरड्या पिवळट मातीत पांढरे, ओबडधोबड गोळे रुतले होते.

"बाबा, ही हड्डी आहे?"

"हाड म्हण, हाड," ते म्हणाले. माझ्या दिल्लीच्या मराठीतला एकही हिंदी शब्द त्यांच्या तावडीतून सुटत नसे, आणि मला त्याचा भयंकर राग यायचा. मग डब्यातली लिंबाची फोड त्यांनी एका गोळ्यावर पिळली. गोळा फसफसला. मी टाळ्याच पिटल्या.

"जमिनीतल्या पाण्यात चुना विरघळलेला असतो. उन्हाने पाणी उडून जातं, चुना मागे राहतो. हजारो वर्षं साचत साचत त्याचा असा खडा होतो. ही चुनखडी."

"चुनखिडकी," मी म्हणाले.

मी बोलणी खायच्या तयारीत होते. बाबा नुसते हसले.

बाबा गेल्यावर त्यांच्या खिशातल्या छोट्या डायऱ्या माझ्याकडे आल्या. सरकारी अहवालात ते काय लिहीत, कोण जाणे. पण त्या रविवारनंतरच्या प्रत्येक डायरीत, निवृत्तीपर्यंत, त्यांच्या सुबक अक्षरात चुनखडीसाठी एकच शब्द आहे: 'दोन मीटरवर चुनखिडकी लागली.'